राईवरचा हक्क

चंदगड, १२ एप्रिल २००६

अक्का,
तुझ्या धाकट्या भावाचा, प्रभुलिंगचा नमस्कार.

आप्पा गेल्यावर मी हातकणंगल्याला तुझ्या घरी हक्कसोडाचा कागद घेऊन आलतो. आपल्यात बहिणी भावासाठी सही करत्यातच, म्हणून मी दारातच खिशातलं पेन काढलं. तू आधी जेवायला वाढलंस. मग म्हणालीस, "शेत तुझं, घर तुझं. डोंगरावरच्या राईतला माझा हिस्सा मात्र मी सोडणार न्हाय." राई तोडून काजू लावणारं गिऱ्हाईक माघारी गेलं. मी नऊ वर्षं भाऊबीजेला आलो न्हाय. बहीण हावरट निघाली, असं चारचौघांत बोललो.

आता शेजारच्या डोंगरावर झाड न्हाय. तिथले झरे होळीलाच आटले आणि सगळी वाडी हंडे घेऊन आपल्या राईतल्या झऱ्यावर येती. बायका पाणी भरताना तुझं नाव काढत्यात. मी खाली मान घालून ऐकतो, पण आतनं बरं वाटतंय.

गेल्या आठवड्यात एक दलाल आलता. राईत हॉटेल बांधायचं म्हणत होता. त्यानं आकडा सांगितला आणि अक्का, खरं सांगतो, माझं मन हललं. तुझं कधी हललं न्हाय.

हे पत्र मी टाकणार न्हाय. एवढं सगळं तुझ्या हातात द्यायची लाज वाटती. रविवारी फक्त कागद घेऊन येतो. राईतला माझाही हिस्सा तुझ्या नावानं सोडलाय. या खेपेला सही भावानं केलीया.

तुझा,
प्रभू