अडसराच्या पलीकडे

४ फेब्रुवारी, लोकिचोगिओ

आज सकाळी ट्रकमधून उतरल्यावर मी सामान खोलीवरसुद्धा नेलं नाही. पेटी हँगरच्या दाराशी ठेवली आणि थेट विमानात जाऊन बसलो. नव्या शाळेत आलेलं पोर आधी आपला बाक शोधतं, तसं. ऊन अजून कोवळं होतं. एकोणीस आसनांचं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं जुनं विमान, पण निगुतीनं राखलेलं. डाव्या खुर्चीत बसलो, उजवा हात दोन्ही लिव्हरवर ठेवला आणि नेहमीची प्रार्थना म्हटली. जितकी माणसं वर नेईन तितकी खाली आणू दे. एवढंच मागतो.

लिव्हर चांगले गुळगुळीत चालतात. पुढे ढकलले की जोर वाढतो, मागे ओढले की उतरतो आणि मागे येता येता एका जागी अडसर लागतो. हवेत असताना तिथवरच यायचं. चाकं जमिनीला टेकली की मग खालची खिट्टी उचलून अडसराच्या मागे जायचं. पंख्यांची पाती सपाट होतात, वारा अडवतात, विमान थांबतं. हेच हवेत केलं तर ते विमान राहत नाही, धोंडा होतो. मोंबासाच्या आमच्या गुरुजींनी पहिल्या दिवशी फळ्यावर हे एकच वाक्य लिहिलं होतं आणि तास संपवला होता.

न्याहारीला चहा आणि तळून काढलेली गरम, गोड मंदाझी मिळाली. मेकॅनिक ओंडिएक मोठा बोलघेवडा आहे. मी तैता टेकड्यांवरचा आहे हे कळल्यावर म्हणाला, "तिकडे कोबी पिकतो म्हणे, म्झे. इथे फक्त धूळ पिकते. पण वर्षाला दोन पिकं!" पन्नाशी गाठायच्या आत मला म्झे करून टाकलं, म्हणजे म्हातारा झालो. सहवैमानिक नासिमियू तिशीची आहे, हसरी आणि कामाला चोख. बायकोला, वाकेशोला, पत्र लिहिलं की माणसं चांगली आहेत, काळजी करू नकोस.

७ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा कुर्मोयला गेलो. धावपट्टी आखूड आणि मातीची आहे. अलीकडे टेकडी, पलीकडे नदी. टेकडी ओलांडली की पट्टी पायाखालीच येते आणि आपण अजून उंचच असतो. मी उतरलो नाही. वळसा घातला, नदीकडून आलो. अकरा मिनिटं जास्त लागली.

नासिमियूला हसू आवरेना. म्हणाली, "इथे सगळे टेकडीवरूनच येतात, म्झे. वर असतानाच खिट्टी उचलायची, क्षणभर मागे ओढायचं, विमान झपकन खाली येतं. उचलणारा दाराशी आल्यासारखा म्हणतो होदी, येऊ का; शेजारचा म्हणतो करीबू, या आत. झालं."

मी म्हटलं, "होदी कुणाच्या दाराशी म्हणतात? जिथे जायचं असतं त्या. मला तिथे जायचं नाही."

"मग रोज वळसा? त्यापेक्षा शिडी लावून उतरा."

हवेत अडसराच्या मागे गेलं की काय होतं ते मी तिला सगळं सांगितलं. तिला ते माझ्याइतकंच पाठ आहे. पाठ असूनही करतात, याचाच शीण येतो. माझ्या जागी पूर्वी कॅप्टन बिरगेन होते. ही होदीची पद्धत त्यांचीच. गेल्या वर्षी ते कुर्मोयच्या टेकडीवर विमानासकट गेले. त्यानंतरही थांबलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

सलग आठवा दिवस. उन्हानं डोळे चुरचुरतात. कुर्मोयच्या दवाखान्यात न्यायची एक अवघडलेली बाई मागे कण्हत होती. तिची सासू सारखी पुढे येऊन विचारायची, "पोचलो का, मुला?" टेकडी ओलांडली, पट्टी पायाखाली आली. वळसा घालायचा तर अकरा मिनिटं.

मी खिट्टी उचलली. दीड सेकंद, जास्त नाही. विमान खाली आलं, लिव्हर पुढे केले, सुखरूप टेकलो. माझ्याऐवजी नासिमियूच हसत होदी म्हणाली होती. बाईला मुलगी झाली. सासूनं इकडच्या रीतीप्रमाणे माझ्या तळहातावर थुंकून आशीर्वाद दिला.

सगळं ठीक झालं. वाईट ते हेच, की इतकं सोपं होतं. संध्याकाळी प्रार्थना अर्ध्यावरच सोडली.

१५ फेब्रुवारी

आज नुसती पोती होती, माणूस एकही नाही. टेकडीच्या अलीकडे, वळशाला लागायच्या आधी, कुणीतरी होदी म्हटलं. आवाज हळू होता, अदबीचा. लांबून चालत आलेला पाहुणा उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणतो तसा.

आमची आई म्हणायची, होदी म्हणणाऱ्याला ताटकळत ठेवणारं घर उजाड होतं. तीनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर पाहुणा मुकाट्यानं परत जातो, आणि ते पाप घराला लागतं. त्यामुळे आमच्या जिभेला विचार करायची सवयच नाही. मी "करीबू" म्हणून मोकळा झालो.

नासिमियूनं वळून पाहिलं. विचारलं, कुणाला म्हणालात? तिनं काही ऐकलं नव्हतं. आवाज मागच्या पोत्यांतून नव्हता आला. खालून आला होता, लिव्हरच्या खाचेतून, अडसराच्या मागच्या बाजूनं.

थकलो असेन. जेवलो नाही.

१७ फेब्रुवारी

नऊ हजार फुटांवर सरळ चाललो होतो. बोटाखाली टिक् असा आवाज झाला. पाहतो तर माझं बोट खिट्टीखाली होतं आणि खिट्टी अर्धी वर. मी ते केलेलं नाही. नासिमियूनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, एवढ्या वर? आता म्झेंनाच चटक लागली."

मी हसलो नाही. बोट ओढून काढलं आणि खिट्टी खाली दाबली.

१९ फेब्रुवारी

रविवार. चर्चच्या बाकावर हात जोडून बसलो होतो. उजव्या हाताची दोन बोटं सारखी वर उचलली जात होती, काहीतरी सोडवल्यासारखी. शेजारची बाई सरकून बसली.

दुपारी नासिमियूला सगळं सांगितलं. ती टिंगल करील असं वाटलं होतं. तिनं चहाचा पेला खाली ठेवला. बिरगेनचा सहवैमानिक अपघातानंतर एक दिवस जगला होता. त्याच्या उशाशी तीच होती. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की त्या दिवशी बिरगेननी होदी म्हटलंच नव्हतं. ते फक्त करीबू म्हणाले होते.

तिला त्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. मला आज लागला. इतकी वर्षं आपणच त्या दाराशी जाऊन हाका मारल्या, आणि जे कुणी तिथे राहतं ते ही रीत शिकलं.

२१ फेब्रुवारी

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, मला उतरवा, माझा हात माझा राहिलेला नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्वाकिओ, तुम्ही थकलात. दोन दिवस झोपा. पण सोमवारी एकोणीस माणसं न्यायची आहेत, बाळंतिणी आहेत, नर्सबाया आहेत. दुसरा वैमानिक कुठून आणू?"

ओंडिएकला विनवलं की लिव्हर अडसरापाशी तारेनं बांधून टाक, मागे जाताच येऊ नयेत. तो म्हणाला, "मग टेकल्यावर थांबणार कसे? कुर्मोयला सरळ नदीत. मगरी जेवायच्या थांबल्यात होय?" खरं आहे. खाली उतरल्यावर तोच ब्रेक लागतो. ज्याच्यावाचून थांबता येत नाही त्यानंच पडायचं.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस झोपलो. थकवा जात नाही. झोपेत उजवा हात जागा असतो, वाकेशोच्या पत्राचं पाकीट सकाळी चुरगळलेलं मिळतं.

२४ फेब्रुवारी

पोती घेऊन गेलो. त्यानं हाक दिली. मी दात आवळून धरले. दुसऱ्यांदा दिली. मी उत्तर दिलं नाही —

पण आत आधीच घेतलंय ना. एकदा आलेल्याला पुन्हा करीबू लागत नाही.

हात मागे गेला. दोन्ही लिव्हर. पंखे किंचाळले, नाक खाली गेलं, खिडकीत नुसती जमीन. नासिमियूनं दोन्ही हातांनी माझ्या मुठीसकट लिव्हर पुढे रेटले. ती रडत रेटत होती. माझी मूठ तिच्या विरुद्ध ओढत होती. आठशे फूट गेले.

उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोती होती म्हणून निभावलं."

२५ फेब्रुवारी

लेखी राजीनामा दिला. नासिमियूनंही सही केली. मॅनेजर म्हणाले, बरं, लॉडवारहून दुसरा माणूस मागवतो, सोमवारी दुपारी येईल. म्हणजे मी सुटलो. पेटी भरली. विमानाकडे पाहिलंही नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळ

खोलीत तोंड धूत होतो. त्यानंतर —

डाव्या खुर्चीत आहे. गणवेश घातलेला. पट्टा बांधलेला. उजवा हात लिव्हरवर. केव्हा आलो?

मागे माणसं चढताहेत. एक पोर रडतंय. नर्सबाई विचारतेय की कॅप्टन, निघायला वेळ आहे का. डाव्या हातानं पट्टा सोडवतोय. उजवा सुटत नाही. बोटं एक एक करून उपटली —

पळालो. हँगरच्या मागे बसून लिहितोय. पेन्सिल उजव्यात आहे आणि तो लिहितोय खरं, पण ओळीच्या शेवटी मागे ओढतो —

राजीनाम्यानं भागणार नाही. कागदाशी त्याला काय करायचंय. हा हात आहे तोवर तो मला तिथे नेऊन बसवणार. आज नाही तर उद्या. मागे एकोणीस माणसं.

हँगरचं लोखंडी दार उघडंच आहे. जड आहे. रुळावरून आपोआप येतं —

देवा, दुसरं सुचत नाही.

२७ फेब्रुवारी, दुपार

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाईट आहे.

केलं. दार मीच सोडलं. दोन बोटं आणि अंगठा गेला. डॉक्टर म्हणतात, पुन्हा काही धरता येणार नाही. ओंडिएक मला उचलून आणताना रडत होता आणि शिव्याही घालत होता.

पण विमान गेलं नाही. एकोणीसही जण झाडाखाली बसलेत. खिडकीतून ऐकू येतंय, मला नावं ठेवताहेत. एक म्हातारी म्हणतेय, "दारू प्यालाय मेला!" दुसरी म्हणतेय, "माझं दूध नासलं, त्याचं तोंड जळो." ऐकून बरं वाटतं. सगळे आवाज आहेत. मोजले.

हातात ठणका आहे, नुसता ठणका. हलत नाही. सुटलो बहुतेक.

लॉडवारचा वैमानिक आला, कॅप्टन तुवेई. चार वाजता तोच या सगळ्यांना नेणार. मला भेटायला आवर्जून आला, केळी आणली. समोरच्या बाकावर चहा पितोय. मी सगळं सांगितलं. मान डोलवत ऐकतो. हाताला ताप चढलाय असं समजतो. फार सुसंस्कृत माणूस. मी लिहीत असलो की बोलत नाही.

नासिमियू मॅनेजरशी भांडायला गेलीय, उड्डाण थांबवा म्हणून. ती येईपर्यंत याला बोलण्यात गुंतवून —

आवाज.

दारातून नाही. खालून. माझ्या खाटेखालून नाही, त्याच्या बाकाकडून. हळू. अदबीनं.

तुवेईनं पेला खाली ठेवला. ऐकतोय. त्यालाही ऐकू आलं. मी मान हलवतोय, नाही नाही म्हणतोय —

तो उठून उभा राहिला, पाहुणा आल्यावर भला माणूस राहतो तसा, आणि म्हणाला, करी