कोरडे हात पुसणारी बाई

प्रिय चंद्राताई,

ख्यालीखुशाली नंतर. आधी भांडण. अपूर्वाने तुला गेममध्ये घातलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगायचं तर शेजारच्या मिश्रीणबाई कान लावून बसतात, म्हणून लिहितेय. चौथीनंतर पेन हातात धरलं ते सहीपुरतं. अक्षराला हसू नकोस.

तुला वाटत असेल माझी पोरगी कॉम्प्युटरवर चित्रं काढते. तसं नाही. गेममधली माणसं कशी चालतील, कशी बसतील, कशी चिडतील, ते ती ठरवते. त्याचाच पगार देतात. रविवारी आर. के. पुरमला आमच्या क्वार्टरवर आली, टीव्हीला वायर जोडली नि म्हणाली, आई, बघ. एक गाव, एक घर, दारात एक म्हातारी. बोलत काही नाही. मी म्हटलं, अगं पण ही कोण, कुणाची, हिची गोष्ट काय? तर म्हणे, तेच तर, आई, गोष्ट सांगायचीच नाही, नुसत्या हालचालीतून माणूस कळला पाहिजे. तेवढ्यात ती म्हातारी उठली. गुडघ्यावर हात न टेकता, भिंतीला पाठ घासत. पायरी उतरली ती आधी डावा पाय टाकून, थांबून, मग उजवा, जसं काही पायरीवर उपकारच. कळशी खाली ठेवली आणि तिला एक थाप मारली. ताई, माझ्या कपातला चहा बशीत सांडला. हे ओरडले, अरे, ही तर चंद्राताई! आणि टाळ्या वाजवल्या. मला नाही वाजवाव्याशा वाटल्या.

का ते ऐक. आधी दिवाळीत तिने मलाच मोबाईलसमोर उभं केलं होतं. दार उघडून ये, कळशी ठेव, बस. मी ठेवणीतली साडी नेसले, पावडर लावली आणि अशी चालले, जशी मिनिस्टरच्या बायकोकडे हळदीकुंकवाला चाललेय. पोरगी म्हणे, यार आई, नेहमीसारखी चाल ना. आता नेहमीसारखी म्हणजे कशी? मी काय स्वतःला कधी मागून बघितलंय? परत परत करून घेतलं, मग राहू दे म्हणाली आणि फोन खिशात टाकला. तुझं मात्र तिला काही शूट करावं लागलं नाही. तू तिला पाठ आहेस.

असणारच. इथे दिल्लीत क्वार्टरचा नंबर लागत नव्हता, तिच्या पाठचा निखिल तान्हा आणि सारखा आजारी, तेव्हा तिला तुझ्याकडे वाईला धाडली. मोठी होऊनच परत आली. जे वय नुसतं बघत बसायचं असतं, ते तिने तुझ्याकडे बघून काढलं. मी तिला काय दिसले? सुट्टीत आलेली, बॅग उघडून लगेच बंद करणारी, सदा घाईतली बाई.

आता खरं दुखणं सांगते. खेळणाऱ्याने बटण दाबलं नाही, तरी ती म्हातारी नुसती उभी राहत नाही. पदराने हात पुसते. हात कोरडेच असतात. मग मान वळवून रस्त्याकडे बघते. पुन्हा पुसते. मी बटण दाबलंच नाही, बघत बसले. अपूर्वा म्हणाली, ऑफिसात सगळ्यांना हेच आवडलं, कुणाची तरी वाट बघतेय ते काही न सांगता बिल्कुल कळतं. मग हळूच म्हणाली, मावशी तुझीच वाट बघायची ना, आई? माझ्यासारखी.

ताई, वाट बघणं मला कळतं. ते तसं नव्हतं. एसटीतून उतरून तुझ्या गल्लीत वळले की तू दिसायचीस, आणि मी दिसले की तुझे हात थांबायचे. चेहरा उतरायचा. हसू मागाहून यायचं. मी पोरीला न्यायला आले की काय, हीच भीती. मी कधी बोलले नाही, तूही नाही. आणि आता बघ, मीच बाल्कनीत उभी राहून कोरडे हात पुसते, आणि खाली रिक्षा थांबली की माझेही हात थांबतात.

कारण तू येणार आहेस. अपूर्वाने तुझं तिकीट काढलंय. महिनाभर गाझियाबादला तिच्या फ्लॅटवर ठेवून घेणार, पुढच्या गेमसाठी तुझं शूटिंग करणार. मला म्हणाली, तू लिहिलंस तर मावशी नाही म्हणणार नाही. तर लिहिते: ये. इथे थंडी मरणाची आहे, दोन शाली आण. पण एक कर. कॅमेरा लावला की ती विचारेलच, मावशी, रस्त्याकडे बघताना तुझ्या मनात काय असायचं गं? तेव्हा खरं बोलू नकोस. सुरेखाची वाट बघायचे, असंच सांग. त्या अख्ख्या गेममध्ये मी कुठेच नाही, ताई. त्या रस्त्यावर तेवढी आहे, वळणाच्या पलीकडे, अजून न दिसलेली. तेवढी मला राहू दे.

तुझीच, भांडून दमलेली धाकटी,
सुरेखा