पाठीमागची मूठ

डुलुथ, ३ ऑगस्ट

ति. आइलाताईस,
धाकट्या टॉइवोचा शि. सा. न.

इकडे ठीक. मासे धुरावणं चालू आहे, आईची कुरकुरही.

मुद्द्याचं विचारतो. शनिवारच्या फुटबॉल मॅचला गोलमागच्या कॅमेऱ्यातून तुझी पाठ दिसली. पाठीमागे मूठ, अंगठा बाहेर, आणि बचावातल्या तुम्ही चौघी एकदम पुढे पळालात. ताई, ती खूण माझी आहे. धुराडीतले मासे चोरताना आई आली की मी तुला करायचो, पळ म्हणून. मी बहिरा, आपलं बोलणं हातांनीच. तुझ्या मैत्रिणींना काय झालंय? आणि कुणाला विचारून वाटलीस?

मासे कोण पळवायचं ते आईला आज कळलं. माझ्या खांद्यावरून वाचतेय.

लोभ आहे, खूण परत हवी.
टॉइवो


टकोमा, ११ ऑगस्ट

चि. टॉइवोस,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

स्टेडियम भरलं की आम्हीही बहिऱ्याच. मग मूठ. चौघी एकदम पुढे सरकलो की त्यांची पुढची खेळाडू आमच्या पाठीमागे, गोलपाशी एकटी उरते. ऑफसाइड, तिचा गोल धरत नाहीत. एक जरी मागे रेंगाळली तर गोल. इतकी वर्षं ही मूठ माझीच. दुसरीला मी करूच देत नाही.

माझा गुडघा गेलाय. आईला सांगू नकोस. ऑपरेशन केलं तर एखादं वर्ष खेळेन, कदाचित. कोच म्हणते, थांब आणि बचाव शिकवायला ये. महिनाअखेर सांगायचंय. रविवारी माझ्या जागी डेलानी नावाची नवी पोरगी आहे. बाकावरून पाठी दिसत नाहीत. माझ्याशिवाय ती ओळ टिकते का, तू बघ. खरं सांग, गोड नको.

तुझी, माया कर
आइला


डुलुथ, १९ ऑगस्ट

ति. ताईस,
शि. सा. न.

टिकते. पोरीनं मूठ केली, चौघी पळाल्या, ऑफसाइडचा झेंडा वर. मला जरा रागच आला, तुझ्या वतीनं.

मग शेवटी उजवीकडची मागे राहिली आणि गोल बसला. टीव्हीवाले तिलाच धूत होते. मी ते तीनदा मागे नेऊन बघितलं. तिची चूक नाही. डेलानी घाबरली की अंगठा आत दडपते. बाजूनं बघणारीला वाटतं, नुसती मूठ आवळलीय. शिकवताना सांगितलं नाहीस का तिला?

आईला मी काही बोललो नाही. तुझं पाकीट तिनेच फोडलं होतं. ती पुल्ला भाजतेय, तुझा आवडता वेलचीचा पाव, पाठवायला.

लोभ शिल्लक ठेव, लागेल.
टॉइवो


टकोमा, २६ ऑगस्ट

चि. टॉइवोस,
आशीर्वाद.

मी तिला कधी शिकवलंच नव्हतं रे. माझ्या पाठीकडे बघून बघून शिकली ती.

काल कुबडी घेऊन मैदानावर गेले, तिची मूठ धरली आणि अंगठा बाहेर काढला. परत आत गेला. परत काढला. मग कोचला हो म्हणून आले.

डेलानीनं विचारलं, या खुणेला नाव काय. मी तुझं सांगितलं.

पुल्ला पोचला. आईला म्हणावं, आणखी.
तुझीच,
आइला