काऊन नाही त् डबा नाही

सर, तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली. तुमच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढं गेले मी आता, आणि थकले आहे. धानाच्या करपा रोगावर काम करता करता केस पिकले. आता परदेशातल्या परिषदांना बोलावतात ते माझं काम ऐकायला नाही, तरुण पोरांना मला भेटवायला. गळ्यात नावाची पट्टी अडकवायची, गोल टेबलाशी बसायचं, भोवती देशोदेशीचे नवे संशोधक, आणि जेवता जेवता त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगायचे. दरवेळी तेच चार शब्द. माझे मलाच ऐकवत नाहीत.

यंदा कंटाळून मी त्यांना तुमचंच सांगितलं. आपल्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावची शाळा, मागचं मोहाचं झाड, मधल्या सुट्टीत त्याखाली डबे मांडीवर घेऊन बसलेलो आम्ही, आणि तुमचा नियम: काऊन नाही त् डबा नाही. काऊन म्हणजे का, एवढंच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल प्रत्येकानं रोज एक काऊन विचारायचा, मगच झाकण उघडायचं. बांधीतली बेडकं एकदम गप काऊन होतात? एकाच बांधीतलं धान एका कोपऱ्यात आधी काऊन पिवळं पडते? बऱ्याचदा तुम्ही म्हणायचात, "मलेबी नाही मालूम," आणि खुशाल भात कालवायला लागायचात.

एकदा मी पुस्तकातला एक भारदस्त प्रश्न पाठ करून आले. पोरं गार झाली. तुम्ही माझा डबा उचलून बाजूला ठेवलात. "हा तुहा काऊन नाही. पुस्तकाचा आहे." डब्यात लाखोरीची डाळ होती, माझ्या आवडीची. मी रडायला लागले तर वर विचारता, "कायले रडून राहिली? शोध ना एखादा." पण मला सुचेपर्यंत तुम्ही स्वतःचाही डबा उघडला नाहीत. शेवटी मी मुंग्यांबद्दल काहीतरी विचारलं, घंटा झाली, आणि आपण दोघं वर्गाच्या दारात उभ्यानंच जेवलो.

हे सगळं मी त्या टेबलावर सांगितलं. पोरांना भारी आवडलं; आपणही काऊन विचारूनच जेवायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या तोंडी काऊनचे काय हाल झाले ते विचारू नका, पण प्रश्न खरे होते. व्हिएतनामची एक पोरगी, तीही धानावरच काम करणारी, म्हणाली की आमच्या आजोबांच्या शेतात पाटाकडेच्या ओळीला रोग लागत नाही, काऊन? मग माझी पाळी आली. मी हवामान आणि रोगप्रतिकाराचा तो मोठा प्रश्न विचारला, जो मी सगळ्या व्यासपीठांवर विचारते. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं लिहूनही घेतला. मी चमचा उचलला, तेवढ्यात त्या पोरीनं माझं ताट हळूच बाजूला सरकवलं.

"मॅडम, हा तुमचा नाही," ती इंग्रजीत म्हणाली आणि घाबरून हात मागे घेतला.

मला राग यायला हवा होता, आला नाही. बरोबर आहे तुझं, म्हटलं, आणि शोधायला बसले. काही म्हणता काही सुचेना, सर. किती वर्षं झाली धानाच्या बांधीत, चिखलात पाय घालून, आता सगळं समित्या आणि पडद्यावरची चित्रं. बाकीचे जेवले. त्या पोरीनं मात्र स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. मी खूण केली, जेव गं बाई, तर तिनं मान हलवली. पुढच्या सत्राची घंटा झाली आणि आम्ही दोघी तशाच उठलो.

आता रजा टाकून गोरेगावला आले आहे. रोज सकाळी चपला हातात घेऊन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालते, बघते, परत येते. अजून एकही काऊन सापडला नाही. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी रिकाम्या हातानं तुमच्यासमोर येण्याची माझी हिंमत नाही. फक्त एक सांगते. त्या टेबलावरून उठले ना, तेव्हा कितीतरी वर्षांनी मला कडकडून भूक लागली होती.