डी आमची, ई सत्तारभाईंची

७ फेब्रुवारी १९९८

डी गेली! दापोड्याच्या गोदामातल्या आगीची पेपरला द्यायची बातमी दोन घरांच्या सामाईक कॉम्प्युटरवर आमच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवली होती. उघडली तर कोरी — घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी. आमच्या बकुळाचा परीक्षेचा प्रोजेक्टही तिथेच. पोरगी रडायच्या बेतात. सत्तारभाईंची मुलगी साजिदा शेजारीच बसली होती. म्हणालो, "तुमची ई सोडून आमच्या डीत हात कशाला घातलास?" तिने ओढणी सावरली आणि समोर आपल्या घरात गेली.

८ फेब्रुवारी

सापडलं. काहीच पुसलेलं नव्हतं! परवा सत्तारभाईंनी नवी हार्डडिस्क जोडली, ती येताच डी होऊन बसली. आमची डी सरकून ई झाली, त्यांची ई झाली एफ. पंगतीला उशिरा येऊन पहिल्या पाटावर बसणारा पाहुणा असतो, तसं. संस्कृतचे मास्तर सांगत, अक्षर म्हणजे जे ढळत नाही ते. त्यांनी ही पेटी पाहिली नव्हती.

साजिदा आली नाही.

९ फेब्रुवारी

पडद्याच्या कडेला दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. डी — आम्ही. ई — सत्तारभाई. आज दोन्ही खोट्या, पण असू देत.

मंदा म्हणते, "मीटर वेगळं, नळ वेगळा. ही एकच पेटी कशाला सामाईक? त्यांना तरी द्या, नाहीतर आपण तरी घ्या."

बायकोचं बरोबर असतं, हा नियम. पण चौऱ्यांशी सालच्या दंगलीनंतर सत्तारभाईंनी आणि मी ठरवलं होतं — दिवसा दोन्ही घरांची दारं लावायची नाहीत. आता पोरी मोठ्या झाल्या, टीव्ही वेगळे झाले. दारं उघडी राहतात ती या पेटीच्या पुण्याईने. ती गेली की संपलं.

११ फेब्रुवारी

समोर जाऊन साजिदाची माफी मागितली. म्हणाली, "काका, तुम्हीच संस्कृत शिकवताना सांगता ना, आधी संधी फोडा, मग अर्थ लावा? तुम्ही तर आधीच अर्थ लावलात!" तिची आई नूरीवहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. सुटलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सत्तारभाईंचे कापडाचे लूम बंद. कानात शांतता टोचते.

बकुळाने उपाय काढला. नवी डिस्क पुसून वेगळ्या तऱ्हेने आखली की ती शेवटचं अक्षर घेते, बाकीची हलत नाहीत. सत्तारभाई म्हणाले, "राहू दे गं पोरी. चार दिवसांचा तर प्रश्न."

"चार दिवसांनी काय होणार?" मी.

"चहा गार होतोय, पंडित."

१७ फेब्रुवारी

साजिदा आली. दुपारभर एफमधलं सगळं नव्या डिस्कवर उतरवत होती. मी सहज विचारलं, एवढं कशाला?

"अब्बांनी लूम भंगारात काढले, काका. आम्ही सगळे मुंब्र्याला जातोय, अब्बा मामूंच्या दुकानात बसणार. आमचं आम्हाला न्यायला ही डिस्क. तुम्हाला सांगायला त्यांची जीभ रेटत नाही."

मी चष्मा पुसला. स्वच्छच होता.

१८ फेब्रुवारी

बातमी नाही. काही लिहिलं नाही.

२२ फेब्रुवारी

सत्तारभाईंचं सामान घेऊन टेम्पो गेला. डिस्कही गेली. डी पुन्हा डी, ई पुन्हा ई — सगळं जागच्या जागी! ई रिकामी.

मंदा म्हणाली, ती दुसरी चिठ्ठी काढा आता. म्हटलं, नको, काढली तर अक्षरं पुन्हा सरकतील. ती उठली आणि पुढचं दार सताड उघडून आली.