ओरेस्टच्या धुक्यातली बाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

वही आली! टपालवाल्याने दाराच्या हँडलला पिशवी अडकवून ठेवली होती, उणे एकतीसमध्ये. कागद इतका गार की तासभर स्वयंपाकघरात नुसता ठेवून दिला, मग वही उघडली.

दहा जण, प्रत्येकाने एकेक पान काढून वही टपालाने पुढच्याला धाडायची; माझा नंबर सातवा. सहावा ओरेस्टचा. म्हणजे डावीकडच्या पानावर ओरेस्ट आणि उजवीकडे, त्याच्याच समोर, मी. दहा जणांतून हे माझ्याच वाट्याला यावं! वही चालवणाऱ्या डार्लीनने चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणते. खरं खोटं तिलाच माहीत, पण मी तिचे पाय धरायला तयार आहे.

या वेळचा विषय 'बुडालेलं गाव'. तळ्याखाली गाव, मेलेले लोक, पाण्यातून वर येणारं काहीबाही. ओरेस्टने पानाच्या कडांना छपरं काढलीत, दोरखंड, माशांनी खाल्लेले हात. एकेक नख मोजून घ्यावं. आणि मधे काहीच नाही. धुकं. गेल्या दोन वह्यांपासून तो असंच करतोय, आणि आम्ही सगळे त्यावरून वेडे झालोय. एवढी जागा सोडून द्यायला छाती लागते. माझ्यात नाही ती. मला बोटभर कागद कोरा दिसला की हात शिवशिवतात.

त्याच्या पानावरून तीन दोर माझ्या पानात येतात. ते मी पुढे न्यायचे. चोवीस तारखेपर्यंत.

५ फेब्रुवारी

काही नाही. तीन दोर आणि मी. दोर जिंकले.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उजेड चांगला होता. दोर एका जबड्यात नेले. तळ्याच्या तळाशी पडलेला राक्षस, तोंड चर्चच्या दाराएवढं. दात मात्र खरेखुरे काढले. अठरा वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतेय, दाढ कशी झिजते ते मला कुणी शिकवायला नको. रॉस कॉफी घेऊन मागे उभा राहिला. "याला दातांचा विमा आहे का गं?" बर्फ ढकलायच्या गाडीवर बारा-बारा तास बसून माझा नवरा असे विनोद साठवून आणतो.

ओरेस्टला आवडेल का? दर पाच मिनिटांनी हेच. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी! तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या संध्याकाळच्या वर्गात तो माझ्या चित्रावर वाकून म्हणाला होता, "पोरी, तू कागदाला श्वास घेऊ देत नाहीस." अजून घेऊ देत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

हात दाखवून अवलक्षण.

सकाळी कामावर जायच्या आधी राक्षसाचा घसा भरत होते, आठ-बी पेन्सिलने, नुसतं काजळ. रॉसने कपबशी वहीशेजारी ठेवली, तिला माझं कोपर लागलं, कॉफी टेबलावर. मी वही झटकन मिटली आणि उचलली. वाचली! एक थेंब नाही पडला.

मधे बटर पेपर घातला नव्हता.

शिकाऊ पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत. मऊ शिसं समोरच्या पानावर छापलं जातं, हे काय मला माहीत नाही? उघडून बघते तर ओरेस्टच्या धुक्यात माझ्या राक्षसाचा घसा. मधोमध, हातभर वाटावा असा करडा डाग.

कामावर फोन करून पोट बिघडलं म्हणून सांगितलं. कणकेसारखं मऊ रबर घेतलं, घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. दोन तास. सगळं निघालं. धुकं आता स्वच्छ. त्याच्या कडांना रबर लागू दिलं नाही. कुणाला कळणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

डार्लीनचा रेजायनाहून फोन. ही बाई म्हणेल ती पूर्व दिशा, आणि वही छापतेही तीच, म्हणून सगळे ऐकतात. मी आपली पेन्सिली तासत ऐकत होते.

"मुखपृष्ठ ठरलं गं. ओरेस्टचं पान."

"छान," मी म्हटलं.

"आणि वही त्यालाच अर्पण करायची. बहात्तर वर्षांचा झाला, पुढच्या वेळी असेल नसेल. खरं सांगू? ती बाई बघून मला रडू आलं."

"कुठली बाई?"

"अगं ती धुक्यातली! मान खाली घातलेली. इतकी पुसट की आधी दिसतच नाही. समोर वही असून मला काय विचारतेस?"

मी म्हटलं, हो हो, ती. पेन्सिलीचं टोक मोडलं.

मी ती बाई पुसली. तिला पुसून मी तिच्या जागी कोरा कागद ठेवलाय.

१५ फेब्रुवारी

वही आली त्या दिवशी मी मधे नीट बघितलंच नव्हतं. कडाच बघत बसले, नखं मोजत. मूर्ख!

डार्लीनकडून काहीतरी निमित्त काढून फोटो मागवला. प्रत्येकाने वही पुढे पाठवायच्या आधी तिला फोटो धाडायचा असतो. ओरेस्टचा त्याच्या शेजारच्या पोरीने काढलाय, जरा हललेला. पण आहे. बाई आहे. फिकट करडी, खांदे, झुकलेली मान. फोटो मोठा केला की नुसते ठिपके होतात, लहान केला की परत बाई.

रॉसला सांगितलं. तो म्हणाला, "मग सांगून टाक त्याला."

सांगून टाक! दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या बार्टने दुसऱ्याच्या पानावर एक कावळा काढला होता. एक कावळा, अंगठ्याएवढा, आणि चांगला होता. आमचा एकच मोठा नियम – दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही. त्याला वहीतून काढून टाकलं. सगळ्यात आधी 'काढा' म्हणणारी मीच होते. फोनवर, मोठ्या आवाजात.

तो परत कुठल्याच वहीत दिसला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी. रॉस शेजाऱ्यांबरोबर नदीवर मासे धरायला गेला, बर्फाला भोकं पाडून. घरात कुणी नाही. बाईला परत काढली.

आधी रद्दी कागदावर अकरा वेळा. पेन्सिलीने होईना – रेघ लागली की ती बाई राहत नाही, पुतळा होतो. शेवटी शिशाची भुकटी कापसावर घेतली आणि श्वास धरून टेकवत गेले. ओरेस्टने कशी केली असेल? हाताला काही दिसलंच नाही त्याचं. कडांवर त्याची प्रत्येक रेघ मी ओळखते, कुठे दाबतो, कुठे सोडतो. आणि इथे मधे जणू त्याचा हातच नव्हता.

तीन वाजता झाली. फोटोशी ताडून बघितली. तीच आहे. थोडी जास्तच तीच आहे.

चांगली झाली म्हणून मला आनंद झाला! लाज वाटली पाहिजे.

१९ फेब्रुवारी

स्वतःचं पान पुढे सरकत नाही. राक्षस आ वासून पडलाय. लॅबमध्ये एका म्हातारीच्या कवळीत सुळा उलटा बसवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पान संपवलं. कसंबसं. दोन्ही पानांचा एकत्र फोटो डार्लीनला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर – तुझा राक्षस भयानक, शाबास! आणि ओरेस्टची बाई या फोटोत आणखीच सुंदर दिसते, शेजारच्या पोरीला फोटो काढता येत नाही वाटतं.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं तिला कळलंय आणि ती चिमटे काढतेय. तिला काहीच कळलेलं नाही. ते जास्त वाईट.

२४ फेब्रुवारी

आज वही थंडर बेला जायला हवी होती, आठव्या नंबरच्या वेस्लीकडे. पाकीट तयार आहे, पत्ता लिहिलाय. टपाल कचेरीपर्यंत गेले आणि ब्रेड घेऊन परत आले.

२६ फेब्रुवारी

वेस्लीचा निरोप: वाटेत हरवली की काय? डार्लीनचा निरोप: मॅव्हिस, कुठे आहे वही? कुणालाच उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात छापून येईल. ओरेस्ट मुखपृष्ठ हातात घेईल. बाकी कुणाला कळो न कळो, स्वतःच्या हातची बाई त्याला कळणार नाही? एका नजरेत कळेल. मग तो काही बोलणार नाही, त्याच्या स्वभावातच नाही. नुसता मला पत्र लिहायचं बंद करेल. ते मला सहन होणार नाही. वहीतून काढलं तर काढू देत! पण हे नाही.

रॉस म्हणाला, "रविवारी रस्ते साफ असतील. मीच करणार आहे."

१ मार्च, रविवार

डॉफिनला, ओरेस्टकडे, जाऊन आले. साडेतीन तास जायला, साडेतीन यायला, दोन्ही बाजूंना पांढरं.

ओरेस्टने दार उघडलं, माझ्याकडे न बघता बाजूला कुठेतरी बघत म्हणाला, "मॅव्हिस? तुझे बूट अजून तसेच आपटतात." बारीक झालाय. गाडी विकली म्हणे, हिवाळ्यात कुठे जायचंय. बीटच्या सूपचं, बोर्श्टचं, पातेलं चुलीवर होतं. मला वाढताना थोडं वाडग्याबाहेर सांडलं, मी पुसलं.

जेवायच्या आधीच सांगून टाकलं. बटर पेपर, राक्षसाचा घसा, रबर, फोटो, कापूस, सगळं. बार्टचा कावळासुद्धा. तो चमचा हातात धरून बसला होता. तोंड खिडकीकडे. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने!

मग म्हणाला, "कशी आहे ती?"

"कोण?"

"बाई."

वही त्याच्यासमोर उघडून ठेवली. त्याने बोटांनी कागदाची कड चाचपली, मान जराशी वळवली, आणि वही माझ्याकडे सरकवली. "तू सांग."

वर्गात असंच करायचा. स्वतःचं चित्र पाठ करून म्हणायला लावायचा. मला वाटलं, परीक्षा घेतोय म्हातारा, शिक्षा म्हणून. सांगितलं – उभी आहे, पाण्यात गुडघ्याइतकी.

"मान?"

"खाली. डावीकडे."

"हात?"

"दिसत नाहीत. धुक्यात गेलेत."

"म्हातारी की तरुण?"

"माहीत नाही. ओरेस्ट, बाई तुमची आहे, तुम्हीच सांगा ना!"

तेव्हा तो हसला. चांगला खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला राग आला. एवढा रस्ता तुडवून मी जीव काढून ठेवला आणि हा हसतो! मग गंभीर झाला आणि म्हणाला, "बोर्श्ट गार होतंय." माफ केलं असंही नाही. निघताना दारात म्हणाला, "वही दोन दिवस टपालात टाकू नकोस. मला विचार करू दे."

म्हणजे डार्लीनला सांगणार. सांगू दे. पण त्याने पान बघितलंसुद्धा नाही! माझा हात लागलेलं पान बघायचीही इच्छा नाही त्याला. वाटेतल्या निपावा गावापर्यंत रडत आले.

३ मार्च, मंगळवार

सकाळी ओरेस्टचा फोन.

"पोरी, मी बाई काढलीच नव्हती." पानाच्या मधे त्याने पेन्सिलच टेकवली नव्हती. तळहाताचा डाग असेल म्हणाला. दोन वर्षांपासून त्याला कडा दिसतात, मधलं काही दिसत नाही – कागदात नाही, माणसाच्या चेहऱ्यात नाही. मला दार उघडलं तेव्हा त्याला माझे कान दिसत होते. "धुकं धुकं म्हणून तुम्ही नाचलात. मला वाटलं, गप्प बसावं. बसलो. नाहीतर वहीतून काढलं असतं ना?"

मी पाकिटातून वही काढली आणि त्याचं पान उघडलं.

"ती मान खाली घातलेली बाई मला आवडली," म्हणाला. "डार्लीनला आज मी स्वतः सगळं सांगतो, माझं आणि तुझंही. तू फक्त माझ्या सहीखाली तुझी सही कर."

पेन्सिल उचलली, तर त्याला फोनवरून कसं कळलं कोण जाणे. "पेनाने कर," म्हणाला.

केली.