नव्या मुलांसाठी एक पान

२ जुलै

विभागप्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं! तसं काही नव्हतं. पंधरा तारखेला नवी बॅच येते आहे, त्यांच्यासाठी एक पान लिहून द्यायचं. अनुभवाचे चार शब्द. “तूच लिही. पहिला नंबर, शिवाय घरातली पहिली शिकलेली. मुलांना हुरूप येईल.”

घरातली पहिली शिकलेली! हे माझ्या गळ्यात पाटीसारखं लटकलेलं आहे. विभागात पाहुणे आले की पाटी सरळ करून दाखवतात.

हो म्हणाले. नाही म्हणायला अजून शिकायचंय.

४ जुलै

पान कोरंच. मनात येतं ते असं :

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे तुम्हाला दोन वर्षं सगळ्यांना सांगावं लागेल, स्वतःच्या मावशीलाही. माझी मावशी सगळं ऐकून घेते आणि म्हणते, “म्हणजे मालिशच ना?”

हाताला आधार देणाऱ्या स्प्लिंटचं प्लास्टिक गरम पाण्यातून काढताना बोटं भाजतील. कुणी विचारणार नाही, कारण पट्टी वाकडी कापली गेली हे आधी दिसेल.

शेजारच्या विभागातले लोक रुग्णांना चालवतात, त्यांचे फोटो निघतात. तुम्ही अर्धांगवायू झालेल्या माणसाला महिनाभर शर्टाचं बटण लावायला शिकवाल, आणि एकविसाव्या दिवशी त्याची बायको येऊन पटकन लावून देईल. माझे असेच एक रुग्ण, कंडक्टरकाका, परवा म्हणाले, “पोरी, बटणासाठी दोन वर्षं शिकतेस? माझी बायको बिनशिक्षणाची लावते बघ!” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग बटण काढलं आणि म्हटलं, पुन्हा.

हे कुणी छापणार नाही.

७ जुलै

आईच्या हातून आज कप पडला. या महिन्यातला तिसरा. “ओला होता हात,” म्हणाली. हात कोरडा होता, मी पाहिला.

मावशी बसली होती. “अगं, दाखव की डॉक्टरला.”

आई हसत म्हणाली, “घरात असताना बाहेर कशाला जाऊ?”

“मी डॉक्टर नाही गं, आई.” हे मी शंभरदा सांगितलंय. लॉन्ड्रीत मात्र ती सगळ्यांना तसंच सांगते. सतरा वर्षं तिथे इस्त्री करते आहे.

८ जुलै

पानासाठी काही सापडेल म्हणून पहिल्या सत्राची प्रॅक्टिकलची वही काढली. प्रयोग तिसरा – हाताच्या पकडीचा जोर. निरोगी व्यक्ती : एक. ती एक म्हणजे आई. दुसरं कोण मिळणार होतं? मी विभागातून यंत्र घरी आणलं होतं. ती पदर खोचून खुर्चीत ताठ बसली, फोटो काढून घ्यायला बसतात तशी.

उजव्या हाताचे आकडे : सव्वीस, पंचवीस, सव्वीस किलो.

खाली खोडलेलं पेन्सिलीचं अक्षर. खिडकीशी धरलं. अकरा. बारा. अकरा.

आठवलं. सगळंच आठवलं. मी तीनदा मोजलं, परत तीनदा मोजलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी वहीवर लाल शाईत लिहिलं, “निरोगी स्त्रीची पकड इतकी कमी नसते. यंत्र धरायला शिका.” वर्गासमोर म्हणाले, “घरून काय हे आकडे आणलेत?” मला एवढंच ऐकू आलं – घरून. मी वाचनालयात बसून तक्ता उघडला, त्या वयाच्या बाईला शोभतील असे आकडे लिहिले. दहापैकी नऊ मिळाले.

मी! कुलूप लावून दोनदा परत येऊन ओढून बघणारी मी. यंत्र चुकलं असेल, मी चुकले असेन – सगळं मनात आलं. आईचा हात मनात आला नाही.

९ जुलै

जेवण झाल्यावर तिचा हात मांडीवर घेतला. अंगठ्याखालचा उंचवटा गेला आहे. सपाट. तिथे माझं बोट बुडतं.

“डोळे मीट. हातात काय दिलं, सांग.”

“नाणं.”

बटण होतं. मग पिन दिली, तर विचारते, “दिलंस का?”

१२ जुलै

हाताचे सर्जन. मनगटात नस दाबली गेली आहे, खूप दिवसांपासून. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. आणखी बिघडणार नाही. गेलेलं स्नायूबळ परत येईलच असं नाही. “दीड-दोन वर्षं आधी आणायला हवं होतं,” म्हणाले. मी हिशेब केला नाही. तो झालेलाच होता.

आईने बाहेर आल्यावर एकच विचारलं, “इस्त्री धरता येईल ना?”

१३ जुलै

वही घेऊन मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटलं.

“अगं, पहिल्या सत्राचं प्रॅक्टिकल ते. तक्ता बघून आकडे सगळेच लिहितात.”

“सगळेच?”

“इतकं मनाला लावून घेऊ नकोस. आणि हे त्या पानात नको हं! मुलं यायच्या आधीच घाबरतील.”

सरांना जिन्यात गाठलं. त्यांना शेरा आठवतसुद्धा नाही. “बरं झालं, रोगाचं निदान तरी झालं,” म्हणाले आणि वर गेले. मी वही उघडी धरून उभी. त्यांच्यावर चिडायचं होतं. पण खोडरबर माझं होतं.

१४ जुलै

पान उद्या द्यायचं आहे. आईला विचारलं, “एवढं दुखत होतं, बधिर होत होतं, मग कुणाला दाखवलं का नाहीस गं?”

ती म्हणाली, “तू मोजलं होतंस ना. मी विचारलं, किती आले? तू म्हणालीस, बरोबर आले.”

पानावर आईचं एवढंच बोलणं लिहिलं.